गळ्याचं माप घेताना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागच्या महिन्यात पीसीओएसवर, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या बीजांडकोशाच्या आजारावर, पानभर लेख आला होता. वर वजनकाट्यावर उभी राहून हसणारी मुलगी, खाली दहा सूचना. त्यातली नववी अशी की वजन उतरवा, मग गोळ्यांची गरजच उरणार नाही. मेटफॉर्मिनचा, म्हणजे पीसीओएसमध्येही देतात त्या मधुमेहाच्या गोळीचा, उल्लेख अख्ख्या लेखात एकदाच, तोही ‘वजन कमी करण्याची गोळी’ म्हणून. ते पान मी कापून ठेवलंय. कापडाच्या कात्रीनं कागद कापायचा नाही, धार जाते, असा माझ्या दुकानात नियम आहे. तो त्या दिवशी मीच मोडला.

मी कराडला बायकांचे कपडे शिवते. वय 32. बी.एस्सी. केमिस्ट्री घेऊन केलं, नोकरी काही मिळाली नाही, म्हणून आईच्या पायमशीनवर तात्पुरती बसले ती बसलेच. आता दुकान आहे, दोन मशिनी आहेत, हाताखाली एक मुलगी आहे. आणि अकरा वर्षांपासून पीसीओएस आहे. मेटफॉर्मिन मी तीनदा सुरू केली आणि दोनदा सोडली. ती दोनदा का सोडली, तेवढंच सांगायला हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर कापा, पण गोळी कशी घ्यायची तो भाग ठेवा.

पहिल्यांदा दाखवायला गेले तेव्हा मी 21 वर्षांची होते. पाळी वर्षातून तीन-चारदा यायची. हनुवटीवर चार-पाच जाड केस होते, ते मी दोऱ्यानं काढायचे. सोनोग्राफी झाली आणि “दोन्ही बाजूंना गाठी आहेत” एवढंच वाक्य कानावर पडलं. आईनं बाहेरच्या बाकावर डोळ्याला पदर लावला. गाठ म्हटलं की आमच्याकडे एकच आजार आठवतो. खरं तर त्या गाठी नसतातच. बीज ज्यात वाढतं ते कोश अर्धवट वाढून थांबलेले असतात, 2 ते 9 मिलिमीटरचे, म्हणजे ब्लाउजच्या हुकाएवढे किंवा त्याहून लहान. ते कापून काढायचे नसतात. हे मला कळायला आठ वर्षं लागली.

चिठ्ठीवर लिहून मिळालं: मेटफॉर्मिन 500, सकाळ-संध्याकाळ. आणि तोंडी, “वजन कमी करा, तीन महिन्यांनी या.” मेडिकलवाल्यानं गोळ्या देताना विचारलं, “घरात कुणाला शुगर?” मी म्हटलं, मलाच. तो थांबून बघायला लागला. त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही, कारण या औषधाच्या माहितीपत्रकात मधुमेहच लिहिलेला असतो. पीसीओएससाठी डॉक्टर ते आपल्या अनुभवावर आणि झालेल्या अभ्यासांवर देतात. पण संध्याकाळपर्यंत आमच्या आळीत ‘पोरीला एवढ्यात शुगर’ झालं होतं. ज्या घरात स्थळं बघायला सुरुवात झालेली असते, तिथं या वाक्याचं वजन काय असतं ते वाचकांना मी सांगायला नको. त्यानंतर माझी पाकिटं बटणांच्या डब्यात राहायला लागली, वर हुकांचं कार्ड ठेवून.

आईचा ठाम समज होता की उपाशीपोटी घेतलेलं औषध जास्त लागू पडतं. म्हणून सकाळची गोळी कोऱ्या चहाबरोबर. आणि दिवस मे महिन्यातले, ऐन लग्नसराईचे. पाचव्या दिवशी माझ्यापुढे एका नवरीचा पैठणीचा ब्लाउज होता, जोडीला काठ लावून आलेलं रेशमी कापड, बाहीवर मोर. एक टक घालायचा आणि मागच्या दारी पळायचं. परत येऊन हात धुवायचे, मोर कुठल्या अंगाला तोंड करून आहे ते बघायचं, की पुन्हा पोटात कळ. तोंडाला सगळा वेळ तांब्याचा पैसा चोखल्यासारखी चव. दुपारपर्यंत सात वेळा झालं. संध्याकाळी इस्त्री करायला घेतला तेव्हा दिसलं की डावी बाही उजवीकडे लागलीय. बाहीचा पुढचा गोल मागच्यापेक्षा खोल असतो. अदलाबदल झाली की काखेत ओढ येते आणि कितीही इस्त्री मारली तरी ती जात नाही. उसवावी तर रेशमावर सुईची भोकं राहतात. शेवटी उसवलीच, भोकं शिवणीत घेतली, अर्धा इंच माया गेली. नवरीला कळलं नाही. मला अजून तो ब्लाउज डोळ्यांसमोर दिसतो.

गोळी त्या रात्री बंद. “तुला उष्ण पडली,” आई म्हणाली, आणि धन्या-जिऱ्याचं पाणी सुरू झालं. दुसऱ्यांदा, तेवीसाव्या की चोविसाव्या वर्षी, चुलत वहिनीच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू केली. यावेळी जेवल्यावर घेत होते, पण पहिल्या दिवसापासून दोन. शिवाय वाट बघत होते ती काटा खाली यायची. दोन महिन्यांत दीड किलो उतरलं, पुढे काहीच हलेना. वजनाची गोळी आहे आणि वजन तर हलत नाही, मग कशाला घ्यायची, म्हणून सोडली. संपादक साहेब, तुमच्या लेखातलं ते एक वाक्य मी असं भोगलेलं आहे.

तिसऱ्या खेपेला ज्या डॉक्टरीणबाई भेटल्या त्यांनी आधी रिपोर्ट मागितला नाही. ओढणी बाजूला करायला सांगितली आणि मानेला मागून हात लावला. माझी मान काळी होती, नुसती काळी नाही, मखमलीसारखी जाड. शाळेत असल्यापासून आई बेसन-हळद लावून, नंतर वजरीनं घासून ती गोरी करायला बघत होती. कधी कधी सोलून निघायची. “हा मळ नाही,” बाई म्हणाल्या, “इन्शुलिन जास्त झाल्याची खूण आहे.” एवढी वर्षं अंगावर लिहिलेलं होतं आणि आम्ही ते घासत होतो.

उपाशीपोटीची साखर माझी दर वेळी नव्वदीच्या घरात यायची, म्हणून सगळे म्हणायचे शुगर नाही. बाईंनी 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात देऊन दोन तासांनी रक्त घ्यायला लावलं. तो आकडा आला 156. तिथं 140 च्या खाली हवं, 200 च्या पुढे गेलं की मधुमेह. मी मधल्या पट्टीत. पीसीओएस असलेल्या बाईचं वजन कितीही असो, ही तपासणी करून घ्यावी असं 2023 सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमच्या दहा सूचनांत ती नव्हती.

मग त्यांनी समजावलं, आणि मी माझ्या भाषेत समजून घेतलं ते असं. सुई बोथट झाली तरी शिवण पडते, फक्त पाय जोरात मारावा लागतो. शिवण बघणाऱ्याला काही कळत नाही, ती सरळच असते. मशीन मात्र तापत असतं. शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त जास्त इन्शुलिन सोडतं. त्या जोरावर साखर आटोक्यात राहते, रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. पण ते जादा इन्शुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं, आणि ती संप्रेरकं बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं तेही कमी करतं. हनुवटीचे केस, वाढता वाढता थांबलेली बीजं, चार-चार महिने न येणारी पाळी, यातलं बरंच तिथून येतं. जादा इन्शुलिन असलं की पोटावरची चरबीही सहज जात नाही, आणि ती चरबी पुन्हा इन्शुलिनची दाद कमी करते. म्हणजे वजन कमी करायला सांगणारे खोटं बोलत नाहीत. माणसाला खुर्ची उचलायला सांगताहेत आणि तिच्यावर तोच बसलाय, एवढंच विसरतात.

मेटफॉर्मिन काम करते ती सुईच्या बाजूला. यकृतातून साखर सुटते ती कमी करते, शरीराची इन्शुलिनला दाद वाढवते. वजन त्यातून दोन-तीन किलो उतरलं तर उतरतं, काहींचं तेवढंही नाही. बाईंनी हे आधीच सांगितलं. “काटा नाही हलला तरी मला फोन न करता सोडायची नाही,” असं दम दिल्यासारखं सांगितलं. आठ वर्षांपूर्वी एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर.

घ्यायची पद्धतही त्यांनी कागदावर लिहून दिली. पहिला आठवडा रात्री एकच, 500 ची, आणि ती जेवणाच्या मध्ये, म्हणजे अर्धी भाकरी खाऊन झाली की. जेवणाआधी नाही, कोऱ्या पोटी तर नाहीच. पोट शांत राहिलं तर दुसऱ्या आठवड्यात सकाळच्या जेवणात दुसरी. नाही राहिलं तर आणखी आठवडा थांबायचं. माझ्या पोटानं तरीही कुरकुर केली तेव्हा साधी बदलून सावकाश विरघळणारी दिली. त्या गोळीबद्दल एक गोष्ट बाईंनी न लाजता आधी सांगितली, आणि बरं झालं सांगितली: औषध आतडीत सुटतं, पण गोळीचं कवच तसंच बाहेर पडलेलं कधी कधी शौचात दिसतं. दिसलं की घाबरायचं नाही, गोळी वाया गेली असं समजायचं नाही. माझ्या एका गिऱ्हाईक ताईंनी तेवढ्यावरूनच औषध सोडलं होतं. ती गोळी तोडून किंवा चावून मात्र घ्यायची नाही.

उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तर त्या दिवशी घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. मूत्रपिंडाची तपासणी आधी आणि मग वर्षाला. कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य टाकून स्कॅन करायचा असेल तर ही गोळी चालू आहे हे सांगायचं. एकटी मेटफॉर्मिन घेऊन सहसा साखर एकदम खाली जात नाही, त्यामुळे घरात ‘चक्कर येऊन पडशील’ म्हणून भीती घालतात तिला फारसा अर्थ नाही. आणि बी-12 जीवनसत्त्व. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की शरीरात बी-12 कमी शोषलं जातं. आमचं घर शाकाहारी, दूध म्हणजे चहापुरतं. माझं आधीच कमी निघालं. पायाला मुंग्या यायच्या त्या मी मशीनवर बसून येतात असं धरून चालले होते.

आणखी एक, जे सांगताना बाईंनी दार लोटून घेतलं. पाळी येत नाही म्हणजे मूल राहणारच नाही असं नसतं. गोळीनं बीज बाहेर पडायला लागलं की पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात. तेव्हा आत्ता नको असेल तर काळजी घ्या. इकडे हे, आणि घरी सासूबाईंचे त्याच कारणासाठी सोळा सोमवार चालू. येताना एसटीत मी आणि आमचे हे तोंड फिरवून हसत होतो. पुढचं घरातलं आहे, ते इथं लिहीत नाही.

आता वजनाचं. सुरू केली तेव्हा मी 74 किलो, उंची पाच फूट एक इंच. डॉक्टरीणबाईंनी 5 टक्क्यांचं बोलून दाखवलं, म्हणजे पावणेचार किलो. तेवढ्यानंही पाळीत फरक पडू शकतो म्हणाल्या. एवढं छोटं माप मला आजवर कुणी दिलं नव्हतं, सगळे वीस किलोचंच बोलायचे. काटा मी घरात ठेवला नाही. माझ्याकडे टेप आहे. मापवहीत शेवटचं पान माझं, दर महिन्याच्या 1 तारखेला बेंबीवरून कंबर. पहिल्या दिवशी 38 इंच. वर्षानंतर 35. वजन उतरलं साडेचारच किलो, पण माझाच ड्रेस दोन्ही बाजूंनी दाबावा लागला. त्यातलं गोळीचं किती आणि माझं किती, मला सांगता येणार नाही. दुपारी जेवण झालं की शटर अर्धं ओढून चालून यायचं, संध्याकाळी प्रीतिसंगमापर्यंत जाऊन परत, एवढं ठरवलं आणि बहुतेक दिवशी केलं. भाताचं एकवेळ केलं, ताटात उसळ वाढवली. चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी सोडली. उपास म्हणून आपण साबुदाणा, बटाटा आणि वर साखर खातो, आणि दिवसभर जड होऊन बसतो. त्याजागी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, तीही मोजून. पाळी त्या वर्षी नऊ वेळा आली. हनुवटीचे केस मात्र फारसे हलले नाहीत, दोरा अजून लागतो.

ज्यांचं वजन मुळात जास्त नाही त्यांचं काय, हा तुमच्या लेखाला माझा खरा प्रश्न. माझ्याकडे कॉलेजच्या मुली येतात. गळ्याचं माप घेताना मान दिसतेच, मागून पट्टी लावावी लागते. काटकुळ्या मुली, कंबर 26, आणि मान माझ्यासारखी. आपल्याकडे अंगानं बारीक असूनही आत चरबी जास्त असणं नवं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 22.3, अगदी एकच. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2. म्हणून तर आपल्याकडे जादा वजनाची रेघ 25 ऐवजी 23 ला धरतात. अशा मुलीला ‘दहा किलो उतरव’ सांगून काय उपयोग? ती काय उतरवणार?

गेल्या पंधरवड्यात अशीच एक आली, आईबरोबर. आईचं म्हणणं, सगळ्या ड्रेसना बंद गळा, मागून उंच कॉलर, म्हणजे मान झाकेल, बघायला येणारेत. मुलगी आरशात बघत नव्हती. मी माप घेतलं, कॉलर सव्वा इंच लिहिली, आणि मग त्या बाईंना चहा पाजून ग्लुकोजच्या तपासणीचं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: “शुगरची गोळी लागली तर लग्नात सांगावं लागेल का?” दुसरा, “आयुष्यभर का?” दोन्हींची उत्तरं माझ्याकडे नव्हती, ती डॉक्टरांकडे. गोळी घ्या असं मी सांगत नाही कुणाला. इतकंच म्हटलं की माझी बटणांच्या डब्यातली आता कॅलेंडरच्या खिळ्याला पिशवीत टांगलेली असते.

आणि पैशाचंही लिहा कधीतरी. मी मधल्या वर्षांत पीसीओएससाठी म्हणून इनॉसिटॉल या पूरक पदार्थाची पाकिटं घेतली, एकेका पाकिटाला पस्तीस-चाळीस रुपये मोजले, रोज दोन. मेटफॉर्मिनची गोळी दोन-तीन रुपयांना मिळते. त्याच 2023 च्या सूचनांमध्ये पोटावरची चरबी आणि जादा केस यांच्यासाठी इनॉसिटॉलपेक्षा मेटफॉर्मिनचा विचार करावा असं आहे, मेटफॉर्मिननं पोटाचा त्रास जास्त होतो ही नोंद ठेवून. स्वस्त गोळीची जाहिरात कुणी करत नाही. वजनाच्या इंजेक्शनांबद्दल मात्र आता कटिंगला उभ्या असलेल्या बायकासुद्धा विचारतात. आईला ‘केमिकल’ नको होतं, तिला मी सांगितलं की ही गोळी कारखान्यातच बनते, पण तिची वंशावळ गॅलेगा नावाच्या एका जांभळ्या फुलांच्या चाऱ्याच्या झाडापर्यंत जाते. 1922 साली डब्लिनला ती पहिल्यांदा प्रयोगशाळेत बनली आणि 1957 साली पॅरिसच्या डॉ. जाँ स्टेर्न यांनी मधुमेहासाठी वापरून दाखवली. झाड म्हटल्यावर आईचा विरोध निम्मा झाला.

तेव्हा पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा हसरी मुलगी नको. एक चौकोन करा. गोळी जेवणाच्या मध्ये, एकीपासून सुरुवात, पहिले दोन आठवडे पोट बिघडू शकतं, कवच दिसलं तर घाबरू नका, बी-12 तपासा, काटा हलला नाही तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. एखाद्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, माझ्या शब्दावर छापू नका. अक्षर जरा मोठं ठेवा आणि पाठीमागच्या पानावर कुणाचा फोटो येणार नाही असं बघा, कारण तो चौकोन मी कापणार आहे, साध्या कात्रीनं, आणि ट्रायल रूममध्ये आरशाशेजारी चिकटवणार आहे. तिथं मुली एकट्या असतात.

नाव छापू नये ही विनंती. मला लाज नाही, पण दुकान एकच आहे, आणि वर लिहिलेल्या मुली ओळखू येतील.

आपली,
एक वाचक, कराड